चालत्या यंत्राची मुदत

२०२५ च्या सुरुवातीला आमच्या संगणक विभागात एक यादी तयार झाली. कंपनीतील प्रत्येक संगणकाला त्या यादीत एक ओळ होती आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ यांपैकी एक शब्द होता. विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्यांचा पुरवठा, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार होता आणि विंडोज ११ कोणत्या यंत्रावर अधिकृतपणे बसवता येईल याचे निकष मायक्रोसॉफ्टने आधीच जाहीर केलेले होते: टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर, मोजके अपवाद वगळता, तो आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा. इंटेलची आठवी पिढी २०१७ च्या उत्तरार्धात बाजारात आली. त्यामुळे त्याच वर्षी थोडी आधी घेतलेली, सातव्या पिढीच्या प्रोसेसरची आमची बरीच यंत्रे ‘अपात्र’ ठरली. त्यांतले एकही बिघडलेले नव्हते. दोन वर्षांपूर्वीच आम्ही त्यांच्या जुन्या हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे अधिक वेगवान डिस्क, बसवल्या होत्या, रॅम वाढवली होती आणि ती वापरणाऱ्यांपैकी कुणाचीही ती मंद चालत असल्याची तक्रार नव्हती.

एक्सपीवरून विंडोज ७, तिथून विंडोज १० आणि आता विंडोज ११, अशा तीन मोठ्या फेऱ्यांत मी स्वतः काम केले आहे. मधल्या काळात ऑफिसच्या आवृत्त्या, मेल सर्व्हर, लेखा प्रणाली आणि डेटाबेस यांची स्थलांतरे झाली ती वेगळीच. प्रत्येक फेरीच्या आधी व्यवस्थापनापुढे एक तक्ता ठेवला जातो. त्यात नवी यंत्रे, परवाने, बसवणाऱ्या संस्थेचे शुल्क आणि अनपेक्षित खर्चासाठी थोडी तरतूद असते. इतक्या वर्षांनंतर माझे ठाम मत झाले आहे की या फेऱ्यांचा खरा भार त्या तक्त्यात कधीच नसतो. ज्या माणसांच्या हातातले बसलेले काम मोडते आणि ज्यांना ते पुन्हा बसवावे लागते, ती माणसे तो भार उचलतात आणि त्यांनी तो उचलला याची नोंद कोणत्याही हिशेबात होत नाही. हे मी त्या कामाच्या आतल्या बाजूने पाहिले आहे, म्हणून लिहीत आहे.

आमच्या गोदामात एक वजनकाटा होता. त्याला जोडलेल्या संगणकात एक इंटरफेस कार्ड होते आणि काट्यावर माल ठेवला की वजन थेट नोंदवहीच्या प्रणालीत जाऊन लेबल छापले जाई. काटा उत्तम होता, दरवर्षी त्याची तपासणी होत असे आणि एकदाही तो नापास झाला नव्हता. अडचण इतकीच होती की त्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा छोटा प्रोग्राम, जुन्या ३२-बिट रचनेचा होता आणि कार्ड बनवणाऱ्याने आपला व्यवसाय कधीच बंद केला होता. ६४-बिट विंडोज ३२-बिट ड्रायव्हर स्वीकारत नाही, म्हणून विंडोज १० च्या फेरीत आम्ही त्या एका संगणकावर मुद्दाम ३२-बिट आवृत्ती बसवून वेळ निभावली होती. विंडोज ११ ला ३२-बिट आवृत्तीच नाही. म्हणजे या वेळी तो मार्गही बंद झाला.

आम्ही जे केले ते सुरक्षेच्या नियमांप्रमाणे बरोबर होते: त्या संगणकाची नेटवर्क केबल काढून टाकली, म्हणजे जुनी प्रणाली चालू राहिली तरी ती बाहेरच्या जगापासून तुटलेली राहील. कागदावर हा प्रश्न एका दिवसात सुटला. प्रत्यक्षात गोदामातील माणसे काट्यावरचे वजन पाहून ते कागदावर लिहू लागली आणि दर दोन तासांनी कुणीतरी तो कागद घेऊन दुसऱ्या संगणकावर आकडे भरू लागले. कित्येक वर्षे आपोआप होत असलेले काम पुन्हा हाताने होऊ लागले आणि तेही दोनदा. आकडे उलटसुलट होऊ लागले, ६८ चे ८६ झाले, आणि महिन्याच्या शेवटी साठ्याचा मेळ बसेना तेव्हा दोष गोदामातील माणसांच्या निष्काळजीपणाला दिला गेला. त्या बैठकीत मी होतो. हा दोष त्यांचा नाही आणि आम्ही केबल काढल्यामुळे ही पाळी आली आहे, असे मी तिथे सांगितले. ते सांगणे माझे कर्तव्य होते, पण झालेला त्रास त्याने भरून निघाला नाही. काही महिन्यांनी काट्याचा दर्शक बदलण्यात आला आणि नवी जोडणी झाली. तो खर्च ‘गोदाम देखभाल’ या शीर्षाखाली पडला आणि अपग्रेडच्या तक्त्यात एक आकडाही बदलला नाही.

दुसरा अनुभव लेखा विभागातील आहे. तिथल्या एक ज्येष्ठ सहकारी बँकेचे विवरण आणि आपली पुस्तके यांचा ताळमेळ घेण्यासाठी स्वतः तयार केलेली एक एक्सेल फाइल वापरत. त्यांनी संगणकाचे औपचारिक शिक्षण घेतले नव्हते. गरज पडेल तसे एकेक मॅक्रो, म्हणजे एक्सेलमधले काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, शिकत दहा-बारा वर्षांत त्यांनी ती फाइल घडवली होती. बँकेच्या विवरणात एखादी तारीख चुकीच्या रकान्यात आली तर काय करायचे, एकच रक्कम दोनदा दिसली तर ती खरोखर दोनदा आहे की नाही हे कसे ओळखायचे, अशी त्यांच्या अनुभवातली कितीतरी शहाणीव त्या मॅक्रोंमध्ये उतरली होती. नव्या संगणकांबरोबर आम्ही ६४-बिट ऑफिस बसवले आणि ती फाइल उघडताच बंद पडली. कारण तांत्रिक आणि सर्वज्ञात होते. विंडोजच्या अंतर्गत सुविधा वापरणाऱ्या मॅक्रोंत, त्या सुविधांच्या घोषणेपुढे ‘पीटीआर-सेफ’ हा शब्द नसेल तर ६४-बिट ऑफिस तो मॅक्रो चालवत नाही. शिवाय तारीख निवडण्यासाठी त्यांनी फॉर्मवर बसवलेला जुना कंट्रोल (तयार घटक) ६४-बिट ऑफिसमध्ये उपलब्धच नाही.

महिनाअखेर होती. मी त्यांच्या शेजारी बसलो तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो, मी तर काहीच बदललेलं नाही. मग हे बंद कसं पडलं?” या प्रश्नाला माझ्याकडे तांत्रिक उत्तर होते आणि ते मी दिले, पण त्या विचारत होत्या ते वेगळेच होते. त्यांनी खरोखरच काही बदलले नव्हते. त्यांचे काम, त्यांची फाइल, त्यांची बँक, सारे तेच होते. बदल झाला तो त्यांच्या पायाखालच्या जमिनीत, आणि तो का झाला याच्याशी त्यांच्या कामाचा काहीही संबंध नव्हता. पुढचे चार दिवस त्या उशिरापर्यंत थांबून हाताने ताळमेळ घेत राहिल्या आणि मी त्यांच्या मॅक्रोंमधील घोषणा दुरुस्त करत, तारखेसाठी दुसरा फॉर्म बनवत राहिलो. आमच्या हेल्पडेस्कच्या नोंदीत हा सगळा प्रसंग एका ओळीचा आहे: ‘मॅक्रो चालत नाही. निराकरण झाले.’

अशी किती माणसे प्रत्येक कार्यालयात असतात याची मोजदाद कुणी करत नाही. ज्या लहान साधनांवर रोजचे काम उभे असते ती अधिकृत प्रणालींच्या यादीत नसतात, कारण ती कुणी विकत घेतलेली नसतात. प्रयोगशाळेतील एखाद्या उपकरणाला जोडलेला संगणक, फक्त एका जुन्या ब्राउझरमध्ये उघडणारे अंतर्गत पान, एका विशिष्ट प्रिंटरवरच नीट बसणारा छापील नमुना, या सगळ्यांचे अस्तित्व अपग्रेडनंतर पहिल्या सोमवारी कळते. इंटरनेट एक्सप्लोरर ११ जून २०२२ मध्ये निवृत्त झाला, तेव्हा त्याच्यावर अवलंबून असलेली पाने इतक्या ठिकाणी होती की मायक्रोसॉफ्टला एज ब्राउझरमध्ये त्याच्यासाठी एक स्वतंत्र मोड द्यावा लागला आणि तो किमान २०२९ पर्यंत चालू ठेवण्याचे आश्वासनही द्यावे लागले.

आता या वेळापत्रकाबद्दल. ते ठरवते कोण? कंपनीच्या गरजेतून ते आलेले नसते. १४ ऑक्टोबर २०२५ या एकाच दिवशी विंडोज १० बरोबर ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांचा सपोर्ट संपला आणि एक्सचेंज या मेल सर्व्हरच्या २०१६ व २०१९ या दोन्ही आवृत्त्यांचाही संपला. ज्या संस्थेत ही उत्पादने होती तिच्यासाठी संगणक, कागदपत्रे आणि टपाल या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी मुदतबाह्य झाल्या. मुदत वाढवून हवी असेल तर ती मिळते, पण विकत. विंडोज १० साठी संस्थांना पहिल्या वर्षाचा वाढीव सुरक्षा सपोर्ट दर यंत्रामागे ६१ डॉलर या मूळ दराने देऊ करण्यात आला, दुसऱ्या वर्षी तो दर १२२ डॉलर, तिसऱ्या वर्षी २४४ डॉलर. दुसऱ्या वर्षी सामील व्हायचे तर पहिल्या वर्षाचेही पैसे भरावे लागतात. तीन वर्षांची बेरीज ४२७ डॉलर होते. आम्ही ती बेरीज मांडली आणि तेवढ्याने निर्णय झाला, कारण जुने यंत्र जुनेच ठेवण्यासाठी इतके पैसे मोजणे कुणालाच पटणारे नव्हते. हे दर असेच ठरवलेले असतात की थांबणे दरवर्षी अधिक महाग व्हावे.

त्यात भर पडते ती एकमेकांत गुंतलेल्या अटींची. लेखा प्रणालीच्या विक्रेत्याने कळवले की नव्या आवृत्तीला डेटाबेसची नवी आवृत्ती लागेल. डेटाबेसच्या नव्या आवृत्तीला सर्व्हरची नवी कार्यप्रणाली हवी होती, तिला आमच्या जुन्या सर्व्हरवर मान्यता नव्हती आणि नवा सर्व्हर आला तेव्हा बॅकअपचे सॉफ्टवेअर त्याला ओळखेना. या पाचांपैकी प्रत्येक विक्रेत्याचे म्हणणे त्याच्या जागी वाजवी होते. आम्हाला मात्र हवी होती ती एका कर-अहवालाच्या नमुन्यातील दुरुस्ती. त्या एका दुरुस्तीसाठी सात महिने गेले.

मोठ्या प्रणालींच्या बाबतीत हीच साखळी किती धोकादायक होऊ शकते हे ब्रिटनमधील टीएसबी बँकेच्या उदाहरणावरून दिसते. एप्रिल २०१८ मध्ये या बँकेने आपल्या ग्राहकांची माहिती एका शनिवार-रविवारात नव्या प्रणालीवर हलवली. माहिती पोचली, पण प्रणाली ती पेलू शकली नाही आणि सुमारे १९ लाख ग्राहकांना आपल्या खात्यापर्यंत पोचता येईना. व्यवहार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला आणि २०२२ च्या अखेरीस नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला. आज जगभरातील असंख्य कंपन्या सॅप या व्यवसाय-सॉफ्टवेअर कंपनीच्या जुन्या ईसीसी प्रणालीवरून एस/४हाना या नव्या प्रणालीवर जाण्याच्या तयारीत आहेत. त्यासाठीची मुदत आधी २०२५ होती, ती फेब्रुवारी २०२० मध्ये २०२७ च्या अखेरपर्यंत वाढवण्यात आली. मुदत वाढवावी लागली यावरूनच तिच्या पहिल्या आकड्यामागे ग्राहकांच्या तयारीचा विचार किती होता हे कळून येते.

हार्डवेअरच्या बाजूने मला एक गोष्ट विशेष खटकते. निक्लाउस विर्थ या संगणकशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये एका लेखात मांडले होते की हार्डवेअर जितक्या वेगाने गतिमान होते त्याहून अधिक वेगाने सॉफ्टवेअर मंद होत जाते. त्याच वर्षी आलेल्या विंडोज ९५ ला किमान ४ एमबी स्मृती लागत असे. २००१ च्या एक्सपीला किमान ६४ एमबी लागे. विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागते, म्हणजे विंडोज ९५ च्या १,०२४ पट. या काळात संगणकाने नव्या गोष्टी केल्या नाहीत असे मी म्हणणार नाही. दृश्य संवाद, शोध, एन्क्रिप्शन, एकाच कागदपत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करणे, हे सारे खरोखर उपयोगाचे आहे. पण पावती टंकणाऱ्या माणसाची पावती १,०२४ पट मोठी झालेली नाही. तो आजही नाव, रक्कम आणि तारीख लिहितो, आणि ते लिहिण्यासाठीचा पडदा उघडायला त्याला पूर्वीइतकाच, कधी पूर्वीपेक्षा अधिक वेळ थांबावे लागते. आमच्या सातव्या पिढीच्या यंत्रांनी हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आल्यावर जो वेग दाखवला, त्यावरून माझी खात्री पटली की ‘संगणक जुना झाला’ या तक्रारींपैकी पुष्कळशा एका भागाच्या बदलाने मिटू शकतात. ते यंत्र टाकून द्यावे लागले ते मंद झाल्यामुळे नाही, पात्रतेच्या यादीत नसल्यामुळे.

इथे दुसरी बाजू सांगितली नाही तर मी वाचकाची फसवणूक केल्यासारखे होईल. जुन्यावर बसून राहण्याची किंमत मी पाहिली आहे आणि जगानेही पाहिली आहे. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर पसरले. ते ज्या त्रुटीतून शिरत होते ती बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजी, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधीच दिला होता. तो न लावलेली यंत्रे बळी पडली आणि त्यांत बहुतांश विंडोज ७ ची, म्हणजे त्या वेळी सपोर्ट असलेली यंत्रे होती. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील २३६ पैकी किमान ८० ट्रस्टना, म्हणजे तिच्या स्थानिक संस्थांना, त्याची झळ लागली आणि रुग्णांच्या हजारो भेटी रद्द झाल्या. सपोर्ट संपून तीन वर्षे झालेल्या एक्सपीसाठीही तेव्हा मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून पॅच काढला. दुसरे उदाहरण तर मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगतो. एक्सेलच्या जुन्या फाइल-प्रकारात एका पानावर ६५,५३६ ओळीच मावतात. २००७ मध्ये आलेल्या नव्या प्रकारात १०,४८,५७६ ओळी मावतात. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०२० च्या साथीत तपासणीचे निकाल जुन्या प्रकारात ओढून घेतले आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या त्या आठवड्यात १५,८४१ बाधितांची नोंद दैनंदिन आकडेवारीतून गळली. त्यांच्या संपर्कातील माणसांना वेळेवर सूचना गेली नाही. तेरा वर्षांपूर्वीच मागे पडलेल्या एका फाइल-प्रकाराने हे घडवले.

त्यामुळे ‘जे चालते आहे त्याला हात लावू नका’ हा सल्ला मी देत नाही आणि तो देणाऱ्या संगणक व्यवस्थापकावर माझा विश्वास बसत नाही. माझा आक्षेप नेमका आहे. दुरुस्ती आणि बदल या दोन वेगळ्या गोष्टी एका गाठोड्यात बांधून दिल्या जातात आणि दुरुस्ती हवी असेल तर बदलही घ्यावाच लागतो. दाराचे कुलूप सुरक्षित करून मागितले असता, त्यासाठी घराच्या खोल्यांची जागा बदलावी लागेल असे कुणी सांगितले तर ते आपण मान्य करणार नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र हे निमूट मान्य होते. दुरुस्ती वेगळी देता येत नाही असेही नाही. विंडोजचीच एलटीएससी नावाची आवृत्ती आहे. तिच्यात नवी वैशिष्ट्ये येत नाहीत आणि वर्षानुवर्षे फक्त सुरक्षा पॅच येतात. पण ती वैद्यकीय उपकरणे, एटीएम अशा विशेष कामांसाठी आहे आणि सामान्य कार्यालयीन संगणकांसाठी ती वापरू नये, अशी मायक्रोसॉफ्टची भूमिका आहे. लिनक्स या दुसऱ्या कार्यप्रणालीच्या जगात रेड हॅट ही कंपनी आपल्या एंटरप्राइज आवृत्तीला दहा वर्षांचा आधार देते. म्हणजे स्थैर्य तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. ज्याचे काम रोज तेच आणि तसेच चालते, त्या लेखापालाला किंवा गोदामातल्या माणसाला ते देऊ केले जात नाही.

भाड्याच्या परवान्यांनी तर निवडीची उरलीसुरली जागाही काढून घेतली आहे. पूर्वी एखादी आवृत्ती विकत घेतली की ती आपली असे आणि पुढची घ्यायची की नाही हे आपण ठरवत असू. पुष्कळ संस्था एक आवृत्ती सोडून दुसरी घेत आणि त्यामुळे माणसांना सहा-सात वर्षांचे स्थैर्य मिळे. २०१३ मध्ये अडोबीने आपल्या चित्र आणि प्रकाशन साधनांच्या नव्या आवृत्त्या एकरकमी विकणे थांबवून वर्गणीचा मार्ग धरला आणि हळूहळू बहुतेकांनी तोच धरला. जानेवारी २०२३ मध्ये ओरॅकलने जावा या प्रोग्रामिंग भाषेची वर्गणी कंपनीतील एकूण कर्मचाऱ्यांच्या संख्येवर आकारण्याची पद्धत आणली. जावा प्रत्यक्षात किती जण वापरतात याचा तिथे प्रश्न नाही. वर्गणीत अपग्रेड ‘मोफत’ मिळते असे सांगितले जाते. पण बटण एका महिन्यात एका जागी आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या जागी गेले की ते शोधण्यात जाणारा वेळ, सहकाऱ्याला विचारण्यात जाणारा वेळ आणि आपल्याला काही येत नाही असे वाटून खचणारा आत्मविश्वास, हे सगळे वापरणाऱ्याच्या खात्यावर पडते. माझ्या अनुभवात यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत वाईट असते. तीस वर्षे आपले काम चोख केलेल्या माणसांना मी हेल्पडेस्कला फोन करताना क्षमा मागत बोलताना ऐकले आहे.

जुन्या यंत्रांचे पुढे काय झाले तेही सांगतो. ती गरजूंना द्यावीत असा आमचा प्रस्ताव होता. माहितीच्या सुरक्षेसाठी प्रत्येक डिस्क नष्ट केल्याचे प्रमाणपत्र असावे असा नियम निघाला, डिस्क काढून त्यांचा चुरा झाला आणि डिस्क नसलेले, मुदत संपत आलेल्या प्रणालीचे यंत्र घ्यायला फारसे कुणी पुढे आले नाही. बहुतेक यंत्रे वजनावर गेली. एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कची किल्ली पुसली तरी माहिती वाचता येत नाही, आणि ती पद्धत स्वीकारली असती तर डिस्क वाचल्या असत्या, हे मी लेखी मांडले होते. ते वेळेत मांडले नाही, नियम निघाल्यावर मांडले, ही माझी चूक होती. संयुक्त राष्ट्रांच्या सहभागाने निघालेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. लॅपटॉपच्या आयुष्यभरातील कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो तयार होतानाच खर्ची पडलेला असतो. म्हणून तीन वर्षांनी बदलायचे यंत्र सहा वर्षे वापरणे हा वीज वाचवणाऱ्या नव्या मॉडेलपेक्षा सहसा अधिक परिणामकारक उपाय आहे. लेखापुस्तकात मात्र घसारा संपला की यंत्राची किंमत शून्य होते आणि शून्य किंमतीच्या वस्तूचे आयुष्य वाढवण्यासाठी खर्च मंजूर करून घेणे फार अवघड जाते.

या वेळच्या फेरीनंतर आम्ही आमच्या पद्धतीत काही बदल केले. अपग्रेडच्या तक्त्यात माणसांच्या तासांचा रकाना आला. प्रत्येक विभागाने नव्या यंत्रावर पूर्ववत वेगाने काम सुरू होईपर्यंत किती तास गेले ते लिहायचे आणि ते तास खर्च म्हणून मोजायचे. लेखा विभागात महिनाअखेर आणि वर्षअखेर कोणतेही स्थलांतर होणार नाही असा लेखी नियम झाला. चाचणीच्या पहिल्या तुकडीत पूर्वी आम्ही संगणक विभागातलीच माणसे घेत असू आणि त्यामुळे सगळे सुरळीत दिसे. आता त्या तुकडीत प्रत्येक विभागातील एक, आणि शक्यतो सर्वांत जुनी साधने वापरणारी व्यक्ती असते. पॅच मात्र आम्ही पूर्वीपेक्षा लवकर लावतो. आधी मोजक्या यंत्रांवर, मग उरलेल्यांवर. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावत फाइलने जगभर सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पाडली, तेव्हा सगळीकडे एकदम पोचणारा बदल कसा घात करतो हे सर्वांनी पाहिले आहे.

लेखा विभागातील त्या सहकारी पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहेत. त्यांची फाइल आता ६४-बिट ऑफिसवर चालते, पण ती कशी चालते हे त्यांच्याशिवाय आणि थोडेफार माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हते. दर बुधवारी दुपारी आम्ही तासभर बसतो. त्या एकेक मॅक्रो का लिहिला ते सांगतात, मी ते उतरवून घेतो. अठरांपैकी अकरा झाले आहेत. यंत्रांच्या यादीत ‘पात्र/अपात्र’ शेजारी मी आणखी एक रकाना जोडला आहे: ‘या यंत्रावर कोण, काय आणि कशाच्या मदतीने करते’. गोदामाच्या ओळी भरून झाल्या आहेत. प्रयोगशाळेच्या पुढच्या आठवड्यात सुरू होतील.